दुखण्याचे पाहुणे

बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत माणसे किती मावतात, हे गणित शाळेत शिकवता येत नाही. वरळीच्या आमच्या बिऱ्हाडी गावाहून दोन तऱ्हेचे पाहुणे येत: नोकरीसाठी आणि दुखण्यासाठी. दुसऱ्यांचे अंथरूण दाराशी. पहाटे उठून परळचे के. ई. एम. गाठायचे असे.

एकदा धाकटी मावशी आली, बाळंतपणानंतर, रिकाम्या हातांनी. बाळ आठव्या दिवशी गेले होते. दवाखाना गावापासून चार कोस. ती रडली नाही. “गावातच कुणी जाणतं असतं तर रे?” एवढेच म्हणाली.

तिच्या प्रश्नाचे उत्तर जामखेडात 1970 पासूनच घडत होते. डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी खेड्यांतल्या निरक्षर बायांनाच शिकवून आरोग्यसेविका केले. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावच्या बायांना नवजात बाळे सांभाळायला शिकवले. तिथले नवजातमृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली ‘लॅन्सेट’ने छापले.

मॅट्रिकवर मास्तर झालेल्या मला याचे नवल नाही. जाणतेपण शिकवल्याने येते. वाचकहो, दिवाळीला गावी जाल, तेव्हा फराळाचे एक ताट आशाताईच्या घरीही पोचवा.