खांदा बदलतो, कावड तीच

जुने शहर, अकोला
श्रावणातला शेवटचा सोमवार, रात्री

चि. भाचीबाईस मामाचे अनेक आशीर्वाद.

डर्बनच्या समुद्रावरचा तुझा फोटो मामीनं दहादा पाहिला. खाली तू विचारलंस, ‘मामा, सरकार बदललं की परदेशाशी वागणंही बदलतं, मग इथले म्हातारे भारताचं एवढं नाव काहून काढतात?’ उत्तर फोनवर मावणारं नव्हतं.

आखातात नोकरीला निघालो तेव्हाचा माझा पासपोर्ट अजून कपाटात आहे. त्यात जगभर जायची मुभा आहे, फक्त दक्षिण आफ्रिका वगळून. आज तू तिथूनच फोटो पाठवतेस. हा बदल कसा झाला, त्याची सुरुवात आपल्या वऱ्हाडापर्यंत येते.

1945मध्ये अमरावतीचे रामराव देशमुख भारताचे हाय कमिशनर म्हणून तिकडे गेले. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि व्हाइसरॉयच्या मंडळात परदेशस्थ भारतीयांचं खातं नागपूरच्या डॉ. ना. भा. खऱ्यांकडे होतं. भारतीयांनी जमीन कुठं घ्यावी, कुठं राहावं, यावर बंधनं घालणारा कायदा 1946मध्ये तिकडे झाला. आपण रामरावांना परत बोलावलं आणि जुलैत व्यापारच थांबवला. आपल्या निर्यातीतला पाच टक्क्यांहून अधिक माल तिकडे जात होता, म्हणजे झळ आपल्यालाही बसणार होती. गंमत अशी, की नेहरूंचं हंगामी सरकार आलं ते त्यानंतर, सप्टेंबरात. त्यांनी ते ओझं खाली ठेवलं नाही. डिसेंबरात विजयालक्ष्मी पंडितांनी संयुक्त राष्ट्रांत हा प्रश्न लढवला. तिकडचे पंतप्रधान स्मट्स म्हणत होते, हा आमच्या घरचा मामला. तरी ठराव 32 विरुद्ध 15 मतांनी मंजूर झाला.

पण धोरण तेच राहिलं, असं म्हणणंही पुरतं खरं नाही. 1946ची तक्रार ‘आपल्या माणसां’पुरती होती. 1952मध्ये भारतासह 13 देशांनी संयुक्त राष्ट्रांत मांडला तो सगळ्या वर्णद्वेषाचा प्रश्न होता. माझ्या मते खरा मोठा बदल हाच. व्यापारबंदी तीच राहिली, तिच्यामागचं ‘आपण’ मात्र मोठं झालं. 1967मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचं कार्यालय दिल्लीत उघडलं, ते याच वाटेवर. 1974मध्ये टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम सामन्यात समोर दक्षिण आफ्रिका आली, तर आपण खेळलोच नाही, चषक सोडून दिला. 1977मध्ये दिल्लीत काँग्रेस गेली, जनता पक्ष आला, परराष्ट्र खातं वाजपेयींकडे आलं. इतकं सगळं उलथलं, पण हे धोरण तसंच राहिलं.

आज दिवसभर इथल्या राजराजेश्वराच्या देवळाकडे कावडी येत होत्या. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन पोरं अनवाणी आली. रात्रभराच्या चालीत खांदा कितीदा बदलतो, कुणी मोजत नाही. या पोराचा खांदा दुखला की दुसरा खाली शिरतो. कावडीला टांगलेलं पाण्याचं भरणं जमिनीला टेकलं नाही, एवढंच पाहायचं. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला गर्दीत उभ्या उभ्या मिळालं.

उरलेलं अर्धं देवळात मिळालं. पाणी पिंडीवर घातल्यावर रिकामं भरणं मिरवत कुणी फिरत नाही. मंडेला 1990च्या फेब्रुवारीत सुटले. 1991च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर खेळायला आला. त्या दिवशी टीव्हीपुढे बसलेल्या मला आपण शब्द मोडतोय असं क्षणभर वाटलं होतं. दोन वर्षांनी राजनैतिक संबंधही पुन्हा जुळले. आज वाटतं, त्यात मोडणं काहीच नव्हतं. ज्या कारणासाठी दार लावलं ते कारण जात होतं, मग दार धरून बसणं हा नुसता हट्ट झाला असता. उलट कारण तसंच असताना चार पैशांसाठी दार किलकिलं केलं असतं, तर तो खरा धोरणबदल, आणि तो लाजिरवाणा.

म्हणून पुढं कुठलंही धोरण बदललं अशी बातमी वाचलीस, तर एवढंच बघ: पाणी पोचलं, की वाटेत सांडलं?

दिवाळीला ये. माझा तो पासपोर्ट तुला देतो, तुझ्याजवळच ठेव.

तुझा,
मामा