रॉड तोच, इंजिन वेगळं

आमच्या थोरल्या दादांची १९७८ सालची पद्मिनी आहे. दादा गेल्यापासून ती शेडमध्ये उभी होती. आता पुतण्याने तिचं इंजिन उघडलंय. वहिनींची अट एकच, जमेल तेवढं सगळं दादांच्या वेळचंच ठेवायचं. पुशरॉडपाशी येऊन ही अट अडली आणि दोन दिवस घरात तोच विषय होता.

थोडक्यात समजावतो (मास्तरकीची सवय जात नाही!). या १०८९ सीसीच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला. रॉड रॉकरचं एक टोक वर ढकलतो, की दुसरं टोक व्हॉल्व्हला खाली दाबतं. असे आठ व्हॉल्व्ह आणि आठ रॉड.

पुतण्या म्हणाला, रॉड सरळ आहेत, झिजलेले नाहीत, तेच घालू. मिस्त्री हसले. "रॉड तोच आहे हो, पण इंजिन तेच राहिलंय का?"

त्यांचं बरोबर होतं. इतक्या वर्षांत हेड तीनदा फेस करून झालं होतं. सव्वा मिलिमीटरच्या आसपास धातू गेला, म्हणजे हेड तेवढंच कॅमच्या जवळ आलं. व्हॉल्व्हच्या सीटही घासल्या होत्या. त्यामुळे व्हॉल्व्हच्या दांड्या वर सरकल्या, रॉकरचं ते टोक उचललं गेलं आणि रॉडकडचं खाली आलं. दोन्हींचा परिणाम एकच, रॉडला जागा कमी पडली. कॅम घासलेला असता तर हिशेब उलटा झाला असता, कारण टॅपेट खाली बसतो आणि रॉड लांब लागतो.

हा फरक रॉकरवरचा स्क्रू सांभाळतो, पण काही मर्यादेपर्यंतच. आमचा स्क्रू पार वर, शेवटाला टेकला होता. तरीही रॉड लांबच राहिला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो.

मग माप कसं काढायचं? पुस्तकातलं माप नव्या इंजिनाचं. मिस्त्रींनी गॅस्केट घालून हेड नीट कसलं. एक निकामी रॉड मधोमध कापून आट्यांवर जोडला, म्हणजे तो कमी-जास्त करता येतो. व्हॉल्व्ह बंद असताना रॉकरचा स्क्रू खालून एक-दोन आटे दिसतील असा ठेवला, फीलर गेजची पट्टी बसेल इतका रॉड वाढवला आणि मग त्याची लांबी मोजली. आठही ठिकाणी तसंच केलं. रॉड दोन मिलिमीटरने आखूड हवे होते.

"मग हेच घासू ना," पुतण्या म्हणाला. पण रॉडची टोकं कडक केलेली असतात. तो थर गेला की टोक भराभर झिजतं. म्हणजे नवेच हवेत.

हे वहिनींना कोण सांगणार? शेवटी मीच सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ते असते तर त्यांनीही आधी मोजूनच पाहिलं असतं. आणा नवे."

नवे रॉड पुढच्या आठवड्यात येतील. जुने आठ वहिनींनी तेल लावून, कागदात गुंडाळून कपाटात ठेवलेत. इंजिन पहिल्यांदा तापलं की गॅस्केट अजून थोडं दबेल, तेव्हा टॅपेट पुन्हा सेट करावे लागतील. तोवर वाट पाहायची. असो.