गादीची खोळ

सांगलीच्या गणपती पेठेतील त्या हळदीच्या पेढीवर तीन पिढ्या एक शिस्त पाळली गेली होती. आठवड्याच्या सुटीच्या दिवशी गादीवरची खोळ उतरायची आणि धुतलेली दुसरी चढायची. खोळ पांढऱ्या मांजरपाटाची. लोड आणि तक्क्यांचे अभ्रेही त्याच कापडाचे. हळदीच्या व्यापारात पांढरे कापड अंथरणे म्हणजे डागांना आमंत्रण देणे, असे नवख्या माणसाला वाटे. पेढीचे मालक तात्या त्यावर एवढेच म्हणत, की पांढऱ्यावर डाग दिसतो म्हणून तो धुतला जातो. रंगीत कापडात मळ लपतो आणि आत मुरतो.

धुण्याचे काम आक्कांच्या देखरेखीखाली होई. हळदीच्या डागाला साबण लागला की तो पिवळ्याचा तांबडा होतो, हे पाहून नव्या सुना घाबरत. आक्का मात्र ती खोळ तशीच खळबळून गच्चीवर भर उन्हात टाकीत. दोन-तीन दुपारी गेल्या की उन्हाने डाग विरत जाई आणि कडेला फिकट पिवळी छटा तेवढी उरे. खोळ उतरवताना ती काठीने बडवायची नाही, असा त्यांचा दंडक होता. आधी मऊ कुंचीने हलक्या हाताने झाडायची, एखादा किडा-मुंगी असेल तर त्याला वाट द्यायची आणि मगच उचलायची. यात जीवदयेचे भान होतेच, पण कापडाचेही हित होते. कापड फाटते ते बसण्याने कमी आणि विणीत अडकलेल्या बारीक रेतीने अधिक. माणूस बसला, हलला, उठला की ते कण धाग्याला कानशीप्रमाणे घासत राहतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये ही शिस्त एका रात्रीत पाण्याखाली गेली. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि पेठेतील दुकानांत पाणी शिरले. वह्या, तिजोरीतील कागद आणि देव वर नेता आले. वडिलांच्या काळापासून दर काही वर्षांनी पिंजाऱ्याकडून पिंजून घेतलेली ती जाड गादी मात्र जागीच राहिली. पाणी ओसरले तेव्हा तिचे ओले, चिखलाने भरलेले ओझे चार माणसांनाही उचलेना. तात्यांनी ती उचलून नेताना पाहिली नाही. ते मागच्या दारी जाऊन उभे राहिले. वरच्या मजल्यावरील ट्रंकेत धुऊन ठेवलेल्या तीन खोळी मात्र कोरड्या राहिल्या होत्या. गादी गेली आणि खोळी उरल्या.

त्याच पुरात जिन्याच्या चौथ्या पायरीवर एक मांजरीचे पिल्लू भिजून बसलेले सापडले. आक्कांनी त्याला पदराने पुसले आणि दुधाची वाटी पुढे ठेवली. पाणी उतरले तरी ते गेले नाही.

दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी थोरल्या मुलाने पेढीसाठी सोफा आणला. पुराच्या गावात जमिनीवरची गादी पुन्हा नको, हे त्याचे म्हणणे रास्त होते. दुकानदाराने आधी चामड्याचा दाखवला, तो तात्यांनी हात न लावताच नाकारला. रेक्झीनचा विचार झाला. पण सांगलीच्या उन्हाळ्यात त्यावर पाठ चिकटते आणि काही वर्षांत त्याला भेगा पडतात. कापडाला भोक पडले तर रफू करता येते, रेक्झीनला ठिगळच लागते. अखेर मोत्याच्या रंगाचा, जाडसर विणीच्या कापडाचा सोफा ठरला. त्याच्या बैठकीच्या उशा सुट्या होत्या. कारखान्यातून आलेले प्लास्टिक मात्र मुलाने काढू दिले नाही. "एवढ्या किमतीची वस्तू, तात्या, हळदीच्या हातांनी चार दिवसांत जाईल," असे तो म्हणाला. तात्या गप्प राहिले.

मांजरीने ते प्लास्टिक महिन्याभरात सोलले. आधी उजव्या हाताच्या कोपऱ्यावर, मग समोरच्या काठावर तिची नखे चालली आणि मोतिया कापडाचे धागे फेसासारखे वर आले. मुलाचा संयम सुटला. एका सकाळी तिला पोत्यात घालून गावाबाहेर सोडण्याची भाषा झाली.

तात्यांच्या मनात निराळाच प्रश्न होता आणि तो सोफ्याहून जुना होता. मांजर-कुत्र्यासारखे हिंस्र जीव पाळणे श्रावकाचाराच्या ग्रंथांनी अनर्थदंडात मोजले आहे. त्यांच्या वडिलांनी वखारीत उंदीर झाले असतानाही मांजर ठेवले नव्हते. आता मांजर दारात होती, वखारीत उंदीर होते, आणि त्यांपासून होणारा फायदा पेढीच्या खात्यावर पडत होता. तिला हाकलणे ही क्रूरता. ठेवणे हा दोष. आक्का म्हणाल्या, "आपण तिला आणलेली नाही. पाण्याने आणून ठेवली आहे. पोत्यात घालून सोडली तर मात्र ते आपण केलेले असेल." यावर तात्यांना उत्तर सुचले नाही, आणि पोते मागे राहिले.

माघ-फाल्गुनात नवी हळद बाजारात येऊ लागली. मार्केट यार्डातील सौदे आटोपून शेतकरी पट्टी घ्यायला पेठेत येत. अशाच एका दुपारी एक वृद्ध शेतकरी आला. त्याच्या वडिलांचा माल याच पेढीवर येत असे, आणि जुन्या गादीवर मांडी घालून चहा घेणाऱ्यांपैकी तो एक होता. धोतरावर, हातांवर हळदीची पूड होती. तात्यांनी त्याला बसायला सांगितले. त्याने चकाकत्या प्लास्टिकाकडे पाहिले, खांद्यावरचे उपरणे सावरले आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. "ऱ्हाऊ द्या की, तात्या. कापडाला हळद लागंल. हुबा हाय त्येच बरं हाय."

हिशेब पुरा होईपर्यंत तो उभाच होता. सोफ्याच्या टोकाला, सोललेल्या प्लास्टिकच्या भागावर मांजर तेवढी स्वस्थ झोपली होती.

त्या रात्री पेढी बंद झाल्यावर तात्यांनी स्वतः प्लास्टिक काढले. खाली उशांना कुबट वास येत होता. प्लास्टिकखाली हवा खेळत नाही, अंगातील व हवेतील दमटपणा आत कोंडतो आणि फोम ओलसर होतो. म्हणजे ज्या वस्तूला जपण्यासाठी ते घातले तिलाच ते आतून बिघडवीत होते आणि ज्यांच्यासाठी ती वस्तू आणली त्यांना बाहेर उभे ठेवीत होते. मुलगा दारात उभा राहून पाहत होता. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने दुसऱ्या बाजूचे टोक धरले.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी मांजरपाटाचा तागा मागवला. मांजरपाट मांजरीसाठी आला म्हणून पेठेत थोडे हसू झाले. कापण्याआधी त्यांनी ते कापड रात्रभर पाण्यात भिजत ठेवले. कोऱ्या कापडात खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटते. आधी शिवून मग धुतले तर खोळ उशीवर चढत नाही. शिलाई दुहेरी घेतली, माप ना सैल ना ताठ ठेवले. सैल खोळीला चुण्या पडतात आणि चुणीवर कापड आधी झिजते. ताठ खोळीची शिवण बसताच उसवते. खालच्या बाजूला नाड्या लावल्या, म्हणजे खोळ मिनिटभरात निघावी. हात टेकण्याच्या जागी घामाने व तेलाने कापड सर्वांत आधी काळवंडते. तिथे ट्रंकेतील जुन्या खोळींचे तुकडे दुहेरी घालून वेगळे अभ्रे केले. प्रत्येक उशीच्या एका काठाला आतून लाल दोऱ्याचा टाका घातला. दर आठवड्याला उशी उलटवून जागा बदलायची, म्हणजे एकाच जागी खड्डा पडत नाही. टाका पाहिला की कोणती बाजू वर होती ते कळते. खोळी उन्हात आणि उशा सावलीत वाऱ्यावर, हा नियमही ठरला, कारण उन्हाने हळदीचा डाग जातो तसा फोम भुरभुरा होतो. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या या घरात कधीच नव्हत्या. त्या किड्यांचा जीव घेतात आणि मांजरीलाही विषारी ठरतात. तिथे वाळवलेला कडुनिंबाचा पाला असे.

मांजरीचा प्रश्न नातीने सोडवला. ती शिरवळला पशुवैद्यकाचे शिक्षण घेत होती आणि कॉलेज बंद पडल्याने मार्च २०२० मध्ये घरी आली होती. "आजोबा, ती खोडी काढत नाही," तिने सांगितले. नखांवरचे जुने कवच उतरावे, झोपेतून उठल्यावर अंग ताणले जावे आणि पंजांतील ग्रंथींचा वास लागून आपली जागा ओळखीची व्हावी, यासाठी मांजर ओरबाडते. मारले किंवा ओरडले तर तिला कारण कळत नाही, माणसाची भीती तेवढी बसते. परदेशात काही जण नखे मुळासकट काढून घेत, पण त्यात बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते, हे ऐकून आक्कांनी कानांवर हात ठेवले. उपाय साधा होता. जिथे नख रुतते आणि अंग पूर्ण ताणता येते, अशी तिची स्वतःची जागा द्यायची.

पेढीवर गोणपाटाला तोटा नव्हता. सुताराकडून तीन फूट उंचीचा लाकडी खांब जड पाटावर पक्का ठोकून घेतला, कारण हलणाऱ्या खांबाला मांजर दुसऱ्यांदा हात लावीत नाही. त्यावर हळदीच्या पोत्याचे गोणपाट आणि वर सुतळी घट्ट गुंडाळली. मुलाला तो मागच्या खोलीत ठेवायचा होता. नातीने तो सोफ्याच्या त्याच फाटक्या कोपऱ्यापाशी ठेवला. सवय जिथे लागली तिथेच तिला वळण द्यावे लागते. कोपऱ्यावर काही दिवस संत्र्याच्या साली ठेवल्या, तो वास मांजरीला नकोसा वाटतो. पहिले आठ दिवस तिने खांबाकडे पाहिलेही नाही. मग एका पहाटे सुतळीवर नखांचा करकर आवाज आला. पुढे तो खांब रोज इंचभर सरकवत भिंतीकडे नेला गेला.

वखारीच्या भिंतीतील भोके तात्यांनी त्या मोकळ्या दिवसांत सिमेंटने बुजवली आणि गवाक्षांना बारीक जाळी बसवली, म्हणजे उंदीर आत येऊ नयेत आणि पेढीने मांजरीकडून ते काम घेऊ नये. बाहेर ती काय खाते, हा प्रश्न उरलाच. दूध-भाकरीवर मांजरीचे शरीर चालत नाही, हे नातीने स्पष्ट सांगितले होते. तात्यांनी तो प्रश्न मिटला असे कधी म्हटले नाही. संध्याकाळी सामायिकाला बसताना ते तिच्यासाठी दार उघडे ठेवीत, एवढेच.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा पात्राबाहेर आली. या वेळी पाणी पेठेत येण्याआधी मुलाने नाड्या सोडल्या. खोळी, उशा, लोड अर्ध्या तासात वरच्या मजल्यावर गेले. खांब नेण्याचे कोणी सांगितले नव्हते. तो त्यानेच खांद्यावर घेतला. मांजर आधीच जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली होती. खाली लाकडी सांगाडा तेवढा भिजला, तो नंतर धुऊन वाळवता आला.

पुढच्या हंगामात तो वृद्ध शेतकरी पट्टी घ्यायला आला. पांढरी खोळ पाहून तो क्षणभर थबकला. कडेची फिकट पिवळी छटा त्याच्या ओळखीची होती. तात्यांनी काही म्हणण्याआधीच तो बसला आणि सवयीने पाय वर घेऊन मांडी घालू लागला. धोतराची हळद खोळीला लागली. मुलाने ती पाहिली, चहा सांगितला आणि हिशेबाची वही पुढे ओढली. सुटीचा दिवस दोन दिवसांवर होता. खोळ उतरायचीच होती.