दोन गुडघ्यांमध्ये

कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात लांबीची मापे दिली आहेत. आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यवमध्य आणि आठ यवमध्यांचे एक अंगुल. लिक्षा म्हणजे आपली लीख आणि यूका म्हणजे ऊ! ज्याने किल्ले आणि खजिने मोजले, त्याच्या मापपट्टीच्या मुळाशी हा प्राणी बसला आहे, हे कळल्यापासून मला त्याच्याविषयी थोडा आदर वाटू लागला आहे. आमच्या आजीला तो कधीच वाटला नाही.

जऊळक्याला दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की दुपारची भांडी आटोपून ओसरीच्या पायऱ्यांवर घरातल्या बायकांची उतरंड बसे. वर आजी, तिच्या गुडघ्यांत आई, आईच्या गुडघ्यांत ताई, सर्वांत खाली धाकटी. प्रत्येकीच्या हाती पुढचीचे डोके. अभ्यंगाचे तेल स्वच्छ माथ्यावर पडले पाहिजे, हा आजीचा दंडक. दिवस सीताफळांचे, त्यांच्या बिया वाळवून, कुटून, तेलात कालवून केसांना चोळण्याचा उपाय जुनाच. पण ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, म्हणून आजी तिला हात लावीत नसे. तिचा सारा विश्वास बारीक दातांच्या फणीवर. इस्रायलमधल्या लाखीश येथे २०१६ साली एक हस्तिदंती फणी सापडली, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची. तिच्यावरच्या कोरीव अक्षरांचे वाचन २०२२ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा निघाले काय, तर केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या फणीने निघून जावोत, एवढेच मागणे! दाढीचा उल्लेख वाचून मला बरे वाटले. आमच्या ओसरीवर पुरुष फार स्वस्तात सुटत.

उवेला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. डोक्याला डोके टेकले, की ती चालत पलीकडे जाते; म्हणजे जिथे माया, जिथे कानगोष्टी, तिथे तिची वाट. न्हालेल्या केसांचेही तिला वावडे नाही. तरी धाकटीला शाळेत एकदा सगळ्यांदेखत वेगळ्या बाकावर बसवले. त्यानंतर महिनाभर ती कुठल्या मैत्रिणीच्या कानाशी लागली नाही. आईने तिची वेणी कापली नाही, की कोणाशी भांडली नाही. रोज फणी फिरवली. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, त्यामुळे एकदा पाहून भागत नाही, पुन्हा बसावे लागते.

आणि या पुन्हा पुन्हा बसण्यातच घरातली मोठी बोलणी होत. समोरासमोर जे तोंडातून निघत नाही, ते पाठमोऱ्या माणसाला सहज बोलता येते. ताईचे ते शाळेचे शेवटचे वर्ष. भाऊबीज झाली की पाहुणे तिला पाहायला यायचे होते. आईच्या गुडघ्यांत मान खाली घालून ती म्हणाली, "आई, मले इतक्यात लगन नाही कराचं. शिकाचं हाय."

"मान हालवू नको," आई म्हणाली.

वरच्या पायरीवर आजीचे हात थांबले होते. बराच वेळ नुसता फणीचा आवाज. मग आईने विचारले, "वाशीमची सकाळची गाडी कितीले असते?"

पाहुण्यांना चहापोहे मिळाले, होकार मिळाला नाही. पुढच्या जूनपासून ताई वाशीमला कॉलेजात जाऊ लागली. तेव्हा ती गाडी मीटरगेजची होती. आता रूळ रुंद झाले आहेत. पहिल्या दिवशी तिच्या पिशवीत वह्यांच्या खाली आईने एक लाकडी फणी टाकली. गाडीत गर्दी असते, म्हणून.