दहा सेकंदांचे स्वगत

गागोदे बुद्रुकला मी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी गेलो होतो. दुपारी मुले विनोबांच्या जन्मघराच्या ओसरीवर विसावली होती. १८९५ साली विनोबा याच घरात जन्मले. ओसरीवर बसून मी मुलांना विनोबांनी सांगितलेली त्यांच्या आईची एक आठवण सांगत होतो. घरातल्या सगळ्यांची जेवणे उरकली की रुक्मिणीबाई देवापुढे बसत, पूजा करीत, शेवटी दोन्ही कान धरून अपराधांची क्षमा मागत, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागे. त्या बोलत देवाशी; पाहत होता तो मुलगा.

सांगता सांगता मी मधेच थांबलो. मला एक जुना अपराध आठवला.

काही वर्षांपूर्वी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी आम्ही 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधला शेवटचा भाग बसवला होता. वेळेची मर्यादा कडक होती. मी कात्री चालवली ती बेणारेच्या स्वगतावर. कारणही पंडिती थाटाचे दिले : वास्तववादी रंगभूमीने स्वगत केव्हाच टाकून दिले आहे, माणूस एकटा असताना इतकी बांधीव वाक्ये बोलत नाही, वगैरे. १९३३च्या 'आंधळ्यांची शाळा'पासूनचा दाखलाही जोडला असेल. बेणारे करणारी मुलगी एवढेच म्हणाली, "सर, मग तिचं कोण ऐकणार?" मी उत्तर दिले नाही. वेळ होत आली होती.

खरे तर संस्कृत नाट्यशास्त्राने हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे. रंगमंचावरचे बोलणे तिथे श्रोत्यांवरून विभागले जाते : सर्वांनी ऐकायचे ते 'प्रकाश', मोजक्यांनीच ऐकायचे ते 'जनान्तिक' आणि 'अपवारित', इतर पात्रांपैकी कोणीच ऐकायचे नाही ते 'स्वगत'. वर्गात हे मी वीस वर्षे शिकवले, पण त्यातली मेख मला दिसली नव्हती. 'बोलतो कोण?' यापेक्षा 'ऐकू कोणाला जात नाही?' ह्यावर ही विभागणी उभी आहे.

तेंडुलकरांनी १९६७ साली नेमके हेच केले. न्यायाधीश झालेला काशीकर आरोपी बेणारेला आपली बाजू मांडायला दहा सेकंद देतो. त्या दहा सेकंदांत प्रकाश बदलतो, बाकीची पात्रे जागच्या जागी गोठतात आणि बेणारे आपले सगळे आयुष्य बोलून जाते. मग वेळ संपते. कोर्टाच्या हिशेबी आरोपीला काहीच सांगायचे नाही! म्हणजे ते स्वगत कापले तरी कथानकाचा एक टाकाही उसवत नाही; शिक्षा तीच होते. (माझ्या कात्रीचा युक्तिवाद इथपर्यंत अगदी बिनचूक होता.) उसवते ते आपले, प्रेक्षकांचे, स्थान. स्वगत असते तेव्हा त्या सभागृहात बेणारेचे ऐकलेले असे फक्त आपणच असतो, आणि ऐकूनही काही करू शकत नाही. ते काढले की आपणही काशीकरांच्याच बाकावर जाऊन बसतो. मी ते एका सभागृहाला करायला लावले.

गणपतराव बेलवलकरांचे दुःख निराळे. 'नटसम्राट'मधला हा म्हातारा नट एकटा बोलतो तेव्हाही त्याला समोर भरलेले नाट्यगृह दिसत असावे, असे मला वाटते. त्याचे स्वगत म्हणजे निम्मी सवयच. म्हणून ते टाळ्या घेते. बेणारेचे स्वगत संपल्यावर टाळी वाजली, तर ती मला नेहमी चुकीची वाटते.

ओसरीवरच्या एका मुलाने विचारले, "सर, विनोबांच्या आईला माहीत होतं का, मुलगा बघतोय ते?"

मी म्हटले, माहीत नाही. ती पुढे बोलत राहिली, एवढे खरे. परतताना बसमध्ये मी त्या जुन्या विद्यार्थिनीचा नंबर शोधत होतो. ती आता स्वतःच कुठल्याशा शाळेत शिकवते असे ऐकले होते.