कळसूबाईची अट

डोंगराबद्दल माझं मत पहिल्यापासून चांगलं आहे. तो कॅलेंडरवर शोभतो, आगगाडीच्या खिडकीतून सुरेख दिसतो आणि भूगोलाच्या पेपरात चार मार्क मिळवून देतो. यापलीकडे डोंगराने माझ्यासाठी किंवा मी डोंगरासाठी काही करावं, अशी अपेक्षा आम्हा दोघांचीही नव्हती. बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यात सगळ्यांत मोठी चढाई म्हणजे लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्यापर्यंत केलेली. तीही मधे दोनदा बसून.

असा मी २०१९ च्या मे महिन्यात, भर उन्हात, महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्या वाटेवर जीभ बाहेर काढून कसा सापडलो, याचं मूळ भांड्यांत आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दर मे महिन्यात गावाला जातात. पंधरा दिवस सांगून जातात आणि पंचविसाव्या दिवशी येतात. त्या काळात घरातली भांडी कोण घासतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. भांडी घासलेली असायची. सूर्य उगवलेला असतो, तशी. त्या वर्षी बाराव्या दिवशी ही पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “मला कळसूबाईला जायचंय.”

“जाऊ की. नवरात्रात जाऊ, तेव्हा जत्रा असते,” मी म्हणालो. नवरात्राला चार महिने अवकाश होता. संसारात चार महिन्यांची मुदत मिळाली की बरेच प्रश्न आपोआप मिटतात, असा माझा अनुभव आहे.

“नवरात्रात नाही. आत्ता.”

त्याच वेळी सुट्टीला आलेला आमचा भाचा समोर आंबा चोखत बसला होता. हा मुलगा दर रविवारी कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर असतो. त्याने कोय ताटलीत ठेवली आणि म्हणाला, “मामी, चल. पण उन्हाळ्याचे नियम वेगळे असतात हं.”

नियम त्याने तिथल्या तिथे सांगितले. पहिला, पायथ्याच्या बारी गावातून पहाटे तीनला चालायला लागायचं. वाट बहुतेक उघड्या सोंडेवरून जाते, झाडाची सावली औषधालाही नाही. त्यात तो काळा बसाल्टचा दगड. सकाळभर ऊन पितो आणि दहानंतर ते व्याजासकट परत करतो. म्हणजे डोक्यावर एक तवा आणि पायाखाली दुसरा, आपण मधली भाकरी. दुसरा, माणशी तीन लिटर पाणी, शिवाय मीठ, साखर, लिंबू. नुसतं पाणी पीत राहिलं आणि घामाबरोबर गेलेलं मीठ भरून काढलं नाही, तर पोटऱ्यांत गोळे येतात. तिसरा, काहीही झालं तरी दुपारी वर थांबायचं नाही. मेअखेरीला वळवाचे ढग दुपारनंतर जमतात, आणि वाटेवरचे कठडे नि शिड्या लोखंडाच्या आहेत. वीज कडाडत असताना त्यांना धरून उभं राहणं म्हणजे विजेला पत्ता देणं.

“पण उंचावर थंड असतं ना?” मी शेवटचा प्रयत्न केला.

“हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात, मामा. शिखराची उंची १६४६ मीटर. बारीपासून आपण चढणार आठ-नऊशे मीटर. करा हिशेब.”

मी हिशेब केला. पाच-सहा अंश. घरी खुर्ची पंख्याखाली सरकवली की तेवढा फरक मला फुकटात पडतो.

तरी आम्ही गेलो. मुंबई-नाशिक रस्त्यावरून घोटीला वळलं की तासाभरात बारी येतं. हा अकोले तालुका. जिल्हा तेव्हा नगर होता, २०२४ मध्ये त्याचं नाव अहिल्यानगर झालं. रात्री एका घराच्या ओसरीवर पथाऱ्या टाकल्या. भाच्याने आणि हिने आपापल्या पाठपिशवीत तीन-तीन लिटर पाणी भरलं. मी दीड लिटर घेतलं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण डोक्याने पाठ करणं निराळं आणि पाठीने पाठ करणं निराळं. उरलेल्या जागेत मी छत्री, स्वेटर, आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र आणि चकल्यांचा डबा घेतला.

पहाटे तीनला निघायचं होतं. माझा चहा, मग त्या चहावर अवलंबून असलेला पुढचा कार्यक्रम, मग चष्म्याचा शोध, असं करत साडेपाच वाजले. भाचा काही बोलला नाही. फक्त पूर्वेकडे बघत राहिला. तिथे तांबडं फुटत होतं. ते दृश्य सुंदर असतं, असं मी तोवर समजत होतो.

पहिला अर्धा तास मी शेतांच्या बांधावरून गाणं गुणगुणत चाललो. मग चढ लागला आणि गाणं थांबलं. मग गुणगुणणंही थांबलं. मग फक्त श्वास उरला, तोही माझाच की कोणा कोळशाच्या इंजिनाचा, अशी शंका यावी असा. साडेसातला पहिली शिडी आली आणि उन्हाने मानेवर हात ठेवला. पावसाळ्यात याच वाटेवर लोक शेवाळावरून घसरतात. उन्हाळ्यात कोरडं असतं म्हणून घसरत नाहीत, असं मला वाटत होतं. तेवढ्यात भाचा ओरडला, “मामा, घसारा आहे, जपून!”

घसारा म्हटल्यावर मला आपल्या माणसात आल्यासारखं झालं. हिशेबात घसारा म्हणजे वस्तू वापरून वापरून तिची दरवर्षी उतरत जाणारी किंमत. पस्तीस वर्षं मी टेबलं, खुर्च्या आणि पंखे यांवर तो लावत आलो. डोंगरावर घसारा म्हणजे वाळलेला मुरूम आणि बारीक खडे यांचा थर, जो पाय ठेवल्यावर पायाला सोडून निघून जातो. हा दुसरा अर्थ कळला तेव्हा मी बसलेला होतो, आणि बसल्या बसल्या दहा फूट खाली गेलो होतो. माझी स्वतःची किंमत किती उरली, हे वर उभ्या असलेल्या हिच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

दुसऱ्या शिडीपाशी माझं दीड लिटर संपलं. पुढे शिखर होतं आणि मागे गाव होतं, आणि दोन्ही सारखीच लांब होती. चकल्या होत्या. पण अशा वेळी चकली हा पदार्थ किती कोरडा आहे, हे तोंडात टाकल्यावर समजतं.

तिथल्या पत्रा आणि पाचटाच्या आडोशाला एक बाई सरबत विकत बसली होती. खाली प्लॅस्टिकचा हंडा, वर लिंबं. मी धापा टाकत म्हटलं, “आजी, एक सरबत. केवढ्याला?”

“वीस रुपये, बाबा.”

“वीस? खाली दहाला मिळतं!”

बाई हसली. “खाली खालचं पाणी. हे डोक्यावर चढिवलंय.”

ती रोज अंधारात दोन तास चढून येते, एक हंडा डोक्यावर, एक कॅन हातात. पायांत प्लॅस्टिकच्या चपला. खालच्या विहिरीनं मे महिन्यात तळ गाठलेला असतो, म्हणून सून रात्री बाराला नंबर लावते, तेव्हा कुठे पहाटे दोन हंडे मिळतात. त्यातला एक घराला, एक डोंगराला. बोलता बोलता वयाचा विषय निघाला आणि जिला मी आजी म्हणत होतो ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान निघाली.

“पण इथे तर पाऊस केवढा!” मी म्हणालो. ते मला माहीत होतं. पलीकडच्या घाटघर-रतनवाडीकडे चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पुण्याच्या सहा-सातपट.

“पडतो की,” ती म्हणाली. “थांबत नाय.”

भूगोलाच्या पुस्तकात हे एक पान होतं. कठीण खडक, तीव्र उतार, पाणी मुरायला सवड नाही. पडलेलं सगळं ओढ्यांतून प्रवरेत आणि प्रवरेतून भंडारदऱ्याच्या धरणात. १९२६ साली पुरं झालेलं ते धरण वरून निळंशार दिसतं, आणि त्याचं पाणी खालच्या गावांतला ऊस पिकवतं. तिने ते पान दोन शब्दांत संपवलं. मी दोन सरबतं प्यालो आणि पन्नासची नोट दिली. दहा रुपये परत घेतले नाहीत, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता लिहिताना वाटत नाही.

मग तिने हिला कळसूची गोष्ट सांगितली. कळसू कोळ्याची पोर. रानात रमणारी. एका घरी कामाला राहिली ती अट घालून: सगळं करीन, पण भांडी घासणार नाही आणि झाडू मारणार नाही. घरच्यांनी कबूल केलं. बरेच दिवस नीट गेले. मग एकदा पाहुणे आले, घाई झाली, आणि कोणीतरी म्हणालं, एवढी भांडी घास. तिने घासली. काही बोलली नाही. भांडी पालथी घातली आणि थेट डोंगर चढून गेली. ती परत खाली आलीच नाही. वर राहिली, वरच गेली, आणि डोंगराला तिचं नाव मिळालं. जिथे भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

ही शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “अट आधी सांगितली होती ना तिने?”

“सांगितली व्हती.”

“मग बरोबर केलं.”

त्या क्षणी ऊन असूनही माझ्या पाठीवरून एक थंड लहर गेली. सत्तावीस वर्षांच्या संसारात हिने कधी अट घातली होती का, हे मी आठवू लागलो. आठवेना. कदाचित घातली असेल आणि मी वर्तमानपत्र वाचत असेन.

शेवटच्या शिडीचा कठडा साडेनऊला इतका तापला होता की मी तो हातरुमालाने धरला. त्या वर्तमानपत्राचा उपयोग तिथेच झाला: घडी करून डोक्यावर टोपीखाली. खाली बघू नका, असं भाचा सांगत होता. मी वरही बघत नव्हतो. मी फक्त समोरच्या पायरीवरचा गंज बघत होतो. ही मात्र स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढावं तशी चढून गेली.

वर छोटंसं देऊळ, आणि वारा. असा वारा, की खाली सोसलेलं ऊन हे दुसऱ्या कोणाचं होतं असं वाटावं. धुरकट हवेत एका बाजूला अलंग, मदन, कुलंग, दुसरीकडे रतनगडाच्या बाजूचे डोंगर, मधे आटलेल्या काठांचं भंडारदरा. ही देवीपुढे बराच वेळ उभी राहिली आणि मग कड्याकडे तोंड करून एका खडकावर बसली.

दहा मिनिटं झाली. वीस झाली.

“निघू या,” भाचा म्हणाला.

“तुम्ही व्हा पुढे,” ही म्हणाली. “मी बसते जरा.”

तुम्हाला हसू येईल, पण मला तेव्हा खरोखर भीती वाटली. बायका वर जातात आणि परत येत नाहीत, याचा पुरावा माझ्या पाठीमागे दगडी भिंतींत शेंदूर लावून बसला होता. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणालो, “आजपासून रात्रीची भांडी मी.”

तिने माझ्याकडे बघितलं नाही. “कढई पण?”

“कढई पण.”

मग ती उठली.

उतरताना काय हाल झाले ते सांगत नाही. उन्हात उतरणं चढण्यापेक्षा सोपं असतं हे खोटं आहे. दम वाचतो, गुडघे जातात, आणि घसारा दोन्ही वेळा आपलं काम चोख करतो. हिच्या बाटलीतलं उरलेलं पाणी मी प्यालो, हे मात्र नोंदवून ठेवतो. पायथ्याशी एका पोराने पानाच्या द्रोणात करवंदं दिली. तितकं गोड मी पुढे काही खाल्लेलं नाही. आम्ही गावात टेकलो आणि शिखरावर गडगडलं.

पंचविसाव्या दिवशी मावशी आल्या. ओट्यावरची भांडी निरखून म्हणाल्या, “ही कोणी घासली? तळ काळेच राहिलेत.”

मी विषय बदलला. म्हणालो, “मावशी, तुमची काही अट आहे का?”

त्या घाबरल्या. काम सुटतंय असं त्यांना वाटलं. ही पुढे झाली आणि तिने नीट समजावून विचारलं. मावशी खूप वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. अकरा वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. मग हळूच म्हणाल्या, “रविवार मिळाला तर बरं होईल.”

तेव्हापासून रविवारची भांडीही माझ्याकडे आहेत. एकूण जमतं. करपलेली कढई मात्र रात्रभर भिजत घालावी लागते. डोंगराचे सगळे नियम सांगणाऱ्या भाच्याने नेमका हाच सांगितला नव्हता.