सुरतचं जेवण

'सुरतचं जेवण आणि काशीचं मरण' अशी गुजरातीत म्हण आहे. दोन्हीला नशीब लागतं म्हणे. आमचे नाना तीस वर्षं सुरतेत आहेत आणि गेल्या आषाढापासून त्यांचं जेवण नाकातल्या नळीतून होतं. काकी वरण घोटते, फडक्यातून गाळते, मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडते. नाना घड्याळाकडे बघत बसतात.

नाना म्हणजे माझे सख्खे काका. अमळनेरकडच्या गावातून भुसावळ-सुरत गाडीत बसून आले आणि लूमवर लागले. लिंबायत, डिंडोलीत फिरलात तर अर्धा खानदेश इथेच उतरलाय असं वाटेल. बारा तासांची पाळी. खडखडाटात बोलता येत नाही, धाग्याजवळ बिडी पेटवता येत नाही, झोप मात्र येते. मग मावा. कच्ची सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून तळहातावर घासायचा. सुट्टीत सुरतेला गेलो की पानाच्या गल्ल्यावरून तो आणायचं काम माझं. उरलेला रुपया मला. हे आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर दिसणारा मुकेश हराणे तुम्हाला आठवत असेल. तो भुसावळचा, आमच्याच बाजूचा. २००९ साली गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. त्याला पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा नाना शेजारीच होते. "आपला खानदेशी पोर रे!" म्हणून हळहळले आणि मध्यंतरात बाहेर जाऊन मावा चोळला. मी तरी काय शहाणा? आपल्याच कॉलेजच्या कट्ट्यावर त्या जाहिरातीतल्या आवाजाची नक्कल करून हशा मिळवलाय. गुजरातेत गुटख्यावर २०१२ सालीच बंदी आली. मग पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी. एकत्र करायला कितीसा वेळ लागतो!

नानांच्या गालात आतून फोड आला तेव्हा घरात सगळे डॉक्टर झाले. उष्णता आहे. दाढेचं टोक लागतंय. तुरटी, हळद, तूप. "माले काय व्हस!" असं म्हणत नानांनी चार महिने काढले. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम तपासून घ्यायची असते, एवढं साधं वाक्य घरात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही, आणि मी बारावी सायन्स.

परळला टाटामध्ये ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला, शेक दिले. वर्षाने गाठ मानेत उठली. आता डॉक्टर 'बरं करू' म्हणत नाहीत, 'त्रास कमी करू' म्हणतात. नानांना ते कळलंय. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा काकी घाबरली, याचं व्यसन लागेल म्हणून. नानांनी पाटीवर लिहिलं, 'आता लागू दे.' आम्ही हसलो. मग काकी आत निघून गेली.

पण दुखणं आटोक्यात आल्यापासून त्यांनी एक उद्योग काढलाय. पाळी सुटायच्या वेळी कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसतात, तोंडावरचा रुमाल काढून. ओळखीचा पोरगा दिसला की पाटी पुढे करतात: 'तीन बोटं घाल.' तीन बोटं जुळवून, उभी, तोंडात घालायची. जात नसतील तर तोंड आवळायला लागलंय, सुपारीने आतली कातडी ताठरलीय. काही पोरं टाळतात, रस्ता बदलतात. नानांना राग येत नाही. एका बावीस वर्षांच्या पोराची दोनच बोटं गेली. नाना स्वतः रिक्षात घालून त्याला सिव्हिलला घेऊन गेले. गाठ नव्हती. मावा सोडलाय म्हणतो. नाना रोज त्याचा वास घेतात.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा माझ्यासमोरही पाटी आली. मी म्हटलं, "नाना, मी तंबाखू खात नाही." ते खरंच आहे. पण दोन वर्षं हॉस्टेलवर गोड सुपारीची पुडी माझ्या खिशात असते. आणि नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच छापून ठेवलंय. मी ते वाचलं नानांच्या आजारपणात, पुडी खिशात असताना.

तीन बोटं आत गेली. जरा ओढल्यासारखं वाटलं, किंवा भीतीने वाटलं असेल. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला, तळहात वर, लहानपणी मी मावा आणून दिल्यावर करायचे तसा. मी खिशातून पुडी काढून त्यावर ठेवली.